स्प्रिंट संपतो, काम उरतं: दर पंधरवड्याच्या शिल्लक कामाचं निदान आणि इलाज

लक्षण ओळखीचं आहे. सोमवारी स्प्रिंटच्या, म्हणजे दोन आठवड्यांच्या ठरावीक कामाच्या फेरीच्या, प्लॅनिंगला बारा स्टोऱ्या, म्हणजे बारा छोटी कामं, घेतल्या. दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी सात पूर्ण, तीन 'जवळपास झाल्यात' आणि दोनांना कुणाचा हातही लागलेला नाही. उरलेल्या पाच पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या, त्यावर नव्या सात चढवल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात पतसंस्था, फाउंड्री, साखर कारखाने आणि अडत व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चार-आठ जणांच्या टीमला हे दुखणं फार लवकर जडतं. इथे गिऱ्हाईक फोनच्या अंतरावर असतं, प्रत्येक स्क्रीन दोन-तीन भाषांत लागतो, आणि कोड लिहिणारा माणूसच सपोर्टचा फोनही उचलतो.

एखाद्या स्प्रिंटला काम उरलं तर बिघडत नाही. स्प्रिंटच्या सुरुवातीला घेतलेलं काम हा अंदाज आहे. स्प्रिंटने काम करण्याच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडमध्येही २०११ साली 'वचन' या अर्थाचा शब्द काढून 'अंदाज' या अर्थाचा शब्द घातला गेला, तो याच कारणाने. पण सलग तीन स्प्रिंट घेतलेल्या कामाचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त उरत असेल, तर अंदाज चुकतोय एवढंच म्हणून थांबू नका. काम वाहण्याच्या वाटेत कुठेतरी तुंबलं आहे.

आधी चार इलाज बाजूला ठेवा, कारण बहुतेक जण याच चारांपासून सुरुवात करतात आणि दुखणं वाढवून बसतात. स्प्रिंट दोन आठवड्यांवरून तीन आठवड्यांचा केला, तर उरलेलं काम दिसायला एक आठवडा जास्त लागतो, दुसरं काही होत नाही. रात्री जागून काम ओढलं, तर पुढच्या स्प्रिंटचे पहिले तीन दिवस त्या रात्रीच्या चुका निस्तरण्यात जातात. नवा माणूस घेतला, तर तो शिकेपर्यंत जुन्यांचा वेळ खातो. उशिरा चाललेल्या कामावर माणसं वाढवली की काम आणखी उशिरा होतं, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे. आणि 'पॉइंट', म्हणजे स्टोरीच्या आकाराचे अंदाजी आकडे, 'वाढवा' असा दट्ट्या लावला, तर पॉइंट वाढतात आणि काम आहे तेवढंच राहतं. कालची ३ पॉइंटची स्टोरी आज ५ची म्हणून लिहिली जाते. स्टोरी पॉइंट किंवा व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) या गोष्टी स्क्रम गाइडमध्ये मुळात नाहीतच, त्यामुळे त्यांच्या मागे धावण्याची सक्ती कुणाचीही नाही.

मोजणीला दीड तास द्या

निदानाआधी आकडे लागतात. मागच्या चार स्प्रिंटमधली प्रत्येक स्टोरी एका शीटवर उतरवा. सात रकाने पुरतात: स्टोरीचं नाव, काम सुरू झाल्याची तारीख, टेस्टिंगला गेल्याची तारीख, गिऱ्हाइकाच्या हातात पडल्याची तारीख, ती मधे किती दिवस अडून राहिली, कशामुळे अडली, आणि स्प्रिंट सुरू झाल्यावर मधेच घुसली होती का. जिरा किंवा ट्रेलोसारखं कामांच्या कार्डांचं साधन वापरत असाल तर बहुतेक तारखा कार्डाच्या इतिहासात सापडतात. नसतील तर गिटमधला, म्हणजे कोडच्या इतिहासातला, पहिला आणि शेवटचा कमिट (बदलाची नोंद) बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कामं विसरू नका. त्यांची कार्डं नसतात, पण वेळ त्यांनीच खाल्लेला असतो. त्यासाठी चॅट मागे सरकवून तारखा काढाव्या लागतात. हे किचकट आहे तरी कराच, कारण बऱ्याच वेळा अर्धं उत्तर तिथेच असतं.

शीट भरल्यावर चार गोष्टी बघा. एकाच दिवशी किती स्टोऱ्या उघड्या होत्या? टीममधल्या डेव्हलपरच्या संख्येपेक्षा त्या जास्त दिसल्या तर पहिला दोष हाच. मधेच घुसलेली कामं एकूण पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असतील तर सपोर्टने कॅपॅसिटी खाल्ली आहे. सुरू झाल्यापासून टेस्टिंगपर्यंत तीन दिवसांहून जास्त गेले असतील तर स्टोरी मोठी कापली गेली. आणि 'अडून राहिली' या रकान्यात तीन दिवसांहून मोठे आकडे असतील, तर गोम टीमच्या बाहेर आहे. चारही दोष एकत्र दिसले तरी सगळे एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. नेहमी पहिल्यापासून सुरू करा, कारण तो मिटल्याशिवाय बाकीचे नीट दिसतच नाहीत.

पहिला दोष: एकाच वेळी फार काम उघडं

बेळगावजवळ उद्यमबागेत किंवा मच्छेत फाउंड्री पाहिलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. भट्टीतून जास्त हीट (वितळलेल्या धातूच्या खेपा) काढल्या म्हणून जास्त माल गाडीत चढत नाही. फेटलिंगला दिवसाला जेवढे नग साफ होतात तेवढेच डिस्पॅचला जातात. त्यापेक्षा जास्त ओतलं तर फेटलिंगसमोर कास्टिंगचा ढीग लागतो, त्यात पैसा अडकतो, आणि वाळूचा दोष असेल तर तो ढिगाच्या तळाशी आठवडाभर लपून राहतो. सॉफ्टवेअरमधला ढीग डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. अर्धवट ब्रँच (कोडची वेगळी काढलेली प्रत), रिव्ह्यूसाठी थांबलेले पुल रिक्वेस्ट (ती मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या विनंत्या), टेस्टरच्या यादीतल्या नऊ नोंदी, हे सगळं फेटलिंगसमोरचंच सामान.

याचं गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं, ते लिटलचा नियम म्हणून ओळखलं जातं. सरासरी लागणारा वेळ म्हणजे उघडी कामं भागिले दररोज पूर्ण होणारी कामं. समजा टीम दहा कामाच्या दिवसांत आठ स्टोऱ्या पूर्ण करते, म्हणजे दिवसाला ०.८. सरासरी बारा स्टोऱ्या उघड्या असतील तर प्रत्येक स्टोरीला सरासरी १२ ÷ ०.८ = १५ कामाचे दिवस लागणार. स्प्रिंट आहे दहा दिवसांचा! म्हणजे कुणी कितीही मेहनत केली तरी सरासरी स्टोरी त्या स्प्रिंटमध्ये बसणं शक्यच नव्हतं. तीच टीम, तोच वेग, पण उघड्या स्टोऱ्या फक्त पाच ठेवल्या तर ५ ÷ ०.८ = सव्वासहा दिवस. कुणाचा हात वेगाने चालला नाही, तरी काम स्प्रिंटच्या आत आलं. हा नियम सरासरीचा आहे आणि कामाचा ओघ साधारण स्थिर असेल तेव्हाच लागू पडतो. एका आठवड्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, चार स्प्रिंटचे आकडे घ्या.

मर्यादा घालायची ती अशी. चार डेव्हलपर आणि एक टेस्टर असेल तर बोर्डवर, म्हणजे कामांची कार्डं लावायच्या फळ्यावर, 'काम चालू' या रकान्यात तीन कार्डं, 'रिव्ह्यू आणि टेस्टिंग' मध्ये दोन. एकूण पाच. चार डेव्हलपरांना तीनच कार्डं का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. चौथा माणूस रिकामा राहावा हाच हेतू आहे: त्याने नवीन कार्ड उघडायचं नाही, अडलेलं कार्ड पुढे सरकवायचं. रिव्ह्यू करायचा, टेस्टरबरोबर बसायचं किंवा दुसऱ्याच्या कार्डावर जोडीने काम करायचं. अडलेलं कार्डही मर्यादेत मोजायचं. 'ते गिऱ्हाइकाकडे थांबलंय, म्हणून मोजू नका' अशी पळवाट एकदा दिली की आठवड्याभरात त्या पळवाटेत चार कार्डं जाऊन बसतात.

रोजच्या पंधरा मिनिटांची चर्चाही बदलावी लागते. 'काल काय केलं, आज काय करणार' असं प्रत्येकाला विचारत बसलात तर प्रत्येक जण आपण किती गुंतलो आहोत तेवढंच सांगतो. त्याऐवजी बोर्डच्या उजव्या टोकापासून, म्हणजे रिलीजच्या बाजूने, डावीकडे यायचं आणि प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न: हे आज पुढच्या रकान्यात जायला काय लागेल? भिंतीवर कागदी कार्डं असतील तर रोज सकाळी प्रत्येक उघड्या कार्डावर पेनाने एक ठिपका द्या. एकाच रकान्यात तीन ठिपके पडले की त्या कार्डावर सगळ्यांनी थांबून बोलायचं. ठिपक्यांची ही साधी युक्ती महागड्या रिपोर्टपेक्षा जास्त काम करते, कारण ती दहाव्या दिवसाऐवजी तिसऱ्याच दिवशी ओरडते.

पहिल्या स्प्रिंटला ही मर्यादा त्रासदायक वाटेल. माणूस रिकामा बसलेला दिसला की मालकाला पगार वाया चाललाय असं वाटतं. तिथे रांगेचं गणित समोर ठेवा. साध्या एका रांगेच्या हिशेबात माणूस ८० टक्के गुंतलेला असेल तर नव्या कामाला स्वतःच्या वेळेच्या सरासरी ४ पट थांबावं लागतं, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट. प्रत्येकाला शंभर टक्के गुंतवून ठेवलेल्या टीमकडून वेळेवर काम मागणं म्हणजे गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीच्या मार्गावरून रिक्षा वेळेत पोचण्याची अपेक्षा धरणं.

दुसरा दोष: सपोर्टचे फोन

'अण्णा, एवढं आजच करून द्या, गाडी गेटवर उभी आहे.' हा फोन खरा असतो. पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. ते निघालं नाही तर गाडी हलत नाही, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमुळे ते अडलं असेल तर स्प्रिंटचा नियम सांगत बसणं शोभत नाही. पण त्याच माणसाचा दुसरा फोन 'रिपोर्टमध्ये गावाचं नाव आधी आणि नंबर नंतर' असाही असतो, आणि दोन्ही फोन सारख्याच आवाजात येतात. म्हणून स्प्रिंट कशामुळे मोडायचा ते आधीच लिहून ठेवा. तीन गोष्टी पुरेत: पैसे जमा किंवा अदा होत नाहीत, दिवसअखेरीची शिल्लक जुळत नाही, माल किंवा बिल बाहेर पडत नाही. बाकी सगळं बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, जाईल, आणि गिऱ्हाइकाला त्याच दिवशी नोंद क्रमांक कळवला जाईल. क्रमांक कळवणं टाळू नका. काम लगेच झालं नाही याचा राग कमी असतो, आपलं कुणी ऐकलं की नाही हेच कळलं नाही याचा जास्त.

सपोर्टला एक माणूस नेमा, आठवड्याने बदलता. त्या आठवड्यात त्याच्या नावावर स्टोरी नसते. वेळ उरला तर तो छोटे बग आणि टेस्ट लिहितो. बाकीच्यांचे नंबर गिऱ्हाइकाकडे असतीलच, ते काढून घेता येत नाहीत. त्यांनी फोन घ्यावा, नम्रपणे ऐकावं आणि सपोर्टवाल्याकडे जोडून द्यावा. सर्वात अवघड माणूस स्वतः संस्थापक असतो. गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून तो थेट डेव्हलपरला व्हॉट्सअ‍ॅप करतो. त्यालाही हाच रस्ता. हे पाळलं नाही तर खालचा सगळा हिशेब फुकट जातो.

हिशेब असा. चार डेव्हलपर, दहा दिवस, म्हणजे ४० दिवस. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला प्लॅनिंग ४ तास, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं) २, रेट्रो (स्प्रिंट कसा गेला याची चर्चा) दीड, रोजची भेट मिळून अडीच: माणशी १० तास, आठ तासांच्या दिवसाने सव्वा दिवस, चौघांचे ५. मंजूर रजा २ दिवस. सपोर्टचा आकडा मनाने लिहू नका, शीटवरून घ्या. मागच्या चार स्प्रिंटला ११, ८, ७, १० दिवस गेले असतील तर सरासरी ९. उरले २४. जी टीम ४० दिवस धरून काम घेते, तिने चाळीस टक्के काम प्लॅनिंगच्या दिवशीच शिल्लक टाकलेलं असतं. त्यानंतर रेट्रोमध्ये 'आपण अंदाज नीट करायला हवा' असं कितीही वेळा लिहिलं तरी फरक पडत नाही.

सपोर्टचे फोन महिनाभर सारखे पसरलेले नसतात. जीएसटी विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मासिक मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते, त्याच्या आधीचे दोन दिवस फाउंड्री आणि व्यापाऱ्यांचे फोन वाढतात. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांचे मार्च संपता संपता आणि एप्रिलच्या ऑडिटच्या वेळी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होताना. हे दिवस स्प्रिंटच्या कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्या आठवड्यात दोन माणसं सपोर्टला, आणि रिलीज तर अजिबात नाही.

तिसरा दोष: स्टोरी मोठी

स्टोरी सुरू झाल्यापासून तीन दिवसांत टेस्टिंगला गेली नाही तर ती मोठी आहे, असं सरळ धरा. इथली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे स्टोरी थरांत कापणं: एक कार्ड डेटाबेसचं, एक एपीआयचं (डेटाबेस आणि स्क्रीन जोडणारा भाग), एक स्क्रीनचं. तिन्ही झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला काहीच दाखवता येत नाही, आणि तिसरं उरलं की पहिली दोनही वाया.

पतसंस्थेच्या पिग्मी एजंटचं ॲप हे चांगलं उदाहरण आहे. 'एजंट मोबाइलवर पिग्मी जमा करेल आणि पावती देईल' ही एक स्टोरी म्हणून घेतली तर ती दोन स्प्रिंट पुरते. ती उभी कापायची. पहिला काप: एजंट लॉगिन करतो, खाते क्रमांक टाकतो, रक्कम टाकतो, ती सर्व्हरवर त्या खात्यात दिसते. पावती नाही, एसएमएस नाही, नेटवर्क हवंच. इतकं ओबडधोबड असलं तरी संस्थेच्या मॅनेजरला तिसऱ्या दिवशी हातात देता येतं, आणि तो लगेच सांगतो की एजंट खाते क्रमांक टाकत नाही, तो वहीतल्या ओळीच्या क्रमाने जातो. हे पंधरा दिवसांनी कळलं असतं तर सगळे स्क्रीन पुन्हा करावे लागले असते. दुसरा काप: खातेदारांची यादी वहीच्या क्रमाने. तिसरा: खानापूरच्या जंगलपट्टीत रेंज नसताना नोंद फोनमध्येच ठेवणं आणि रेंज आल्यावर पाठवणं. यात एकच नोंद दोनदा जाऊ नये म्हणून फोनवरच प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्यावा लागतो. हा काप एकटाच तीन दिवस घेतो, म्हणून तो इतर कशाबरोबरही बांधू नका. चौथा: इंग्रजी अक्षरांत पावती. पाचवा: मराठी आणि कन्नड पावती. सहावा: दिवसअखेरीला एजंटची रोकड जुळवणं.

चौथा आणि पाचवा काप वेगळे ठेवण्यामागे तांत्रिक कारण आहे. ५८ मिलिमीटरच्या स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी किंवा कन्नड फॉन्ट सहसा नसतो. इंग्रजी मजकूर थेट पाठवला की छापला जातो. मराठी किंवा कन्नड पावती मात्र आधी चित्र म्हणून तयार करून, सहसा ३८४ ठिपके रुंदीची, मग पाठवावी लागते. त्या चित्राने छपाई सावकाश होते आणि बॅटरी लवकर उतरते. हे काम 'भाषांतर टाकायचंय फक्त' म्हणून एका पॉइंटला घेतलं जातं आणि स्प्रिंट तिथेच अडतो.

ब्रँच दोन दिवसांपेक्षा जास्त वेगळी ठेवू नका. अर्धवट काप मुख्य ब्रँचमध्ये फीचर फ्लॅगमागे (काप चालू-बंद ठेवणाऱ्या कळीमागे) लपवून मर्ज करा, म्हणजे मिसळा. चार माणसांच्या टीममध्ये आठ दिवसांची ब्रँच मर्ज करताना एक पूर्ण दिवस जातो, आणि तो दिवस नेहमी शेवटचा असतो.

चौथा दोष: टीमच्या बाहेर थांबलेलं काम

सीमाभागातल्या टीमला हा दोष इतरांपेक्षा जास्त त्रास देतो. तीन ठिकाणं वारंवार सापडतात.

एक, एसएमएस. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनंतर कंपनीच्या नावाने जाणारा प्रत्येक एसएमएस डीएलटी या संदेश-नोंदणीच्या पोर्टलवर टेम्पलेट (ठरलेला मजकूर) म्हणून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मजकुरात एक शब्द बदलला तरी संदेश अडतो. मंजुरी तुमच्या हातात नाही, म्हणून मंजूर टेम्पलेट हातात आल्याशिवाय ती स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायचीच नाही. मजकूर लिहितानाच लांबी मोजा. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, पण मराठी किंवा कन्नड अक्षर आलं की मर्यादा ७०. त्यापुढे संदेशाचे ६७-६७ चे तुकडे होतात. काने, मात्रा, वेलांट्याही यात स्वतंत्र मोजल्या जातात. दीडशे अक्षरांचा मराठी संदेश म्हणजे तीन संदेशांचं बिल. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही, तर काम झाल्यावर मजकूर छाटायला परत येतो आणि मंजुरी पुन्हा पहिल्यापासून.

दोन, जुना डेटा. संस्थांकडे वर्षानुवर्षांची नावं नुडी किंवा श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर 'पाटील' दिसतं, फाइलमध्ये भलतीच चिन्हं असतात. कन्व्हर्टर बहुतेक नावं नीट बदलतो, पण रफार आणि जोडाक्षरं घसरतात. स्प्रिंट सुरू होण्याआधी शंभर नावांचा नमुना बदलून, संस्थेच्या क्लार्ककडून तपासून घ्या. शंभरात पाच चुकली तर वीस हजार खात्यांत हजार नावं हाताने दुरुस्त करायची आहेत, आणि ती स्वतंत्र स्टोरी आहे.

तीन, कन्नड मजकूर. टीममध्ये कन्नड नीट लिहिणारं कुणी नसेल तर भाषांतर शेवटच्या दोन दिवसांत मागवलं जातं. आलेला मजकूर लांब असल्याने बटणाबाहेर जातो, आणि कन्नड जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ओळीखाली उतरत असल्याने कमी उंचीच्या ओळीत खालून कापलं जातं. मजकुराची यादी प्लॅनिंगच्या आधीच्या बुधवारी भाषांतराला द्या. स्क्रीन बांधताना इंग्रजीच्या दीडपट रुंदी आणि ओळीची उंची फॉन्टच्या किमान १.६ पट ठेवा. टेस्टिंग आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, शेवटी इंग्रजीत करा. कन्नडमध्ये बसलेला स्क्रीन बाकी दोन्हींत सहसा बसतो, उलटं होत नाही.

एवढं केलं तरी गिऱ्हाइकाच्या होकारासाठी थांबणं उरतंच. त्याला उपाय एकच: होकार देणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याच्या भेटीची तारीख स्टोरीवर लिहिलेली नसेल तर ती स्टोरी तयार नाही. सरकारी गिऱ्हाईक असेल तर बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना ही तारीख धरूच नका.

पाचवा दोष: 'झालं' म्हणजे काय

शीटवरच्या चारांखेरीज हा एक. 'माझ्याकडून झालं' हे वाक्य बोर्डवर चालत नाही. झालं म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये मर्ज, दुसऱ्याने रिव्ह्यू केलेलं, टेस्टरने खऱ्या फोनवर तपासलेलं, तिन्ही भाषांत पाहिलेलं, आणि टेस्ट सर्व्हरवर गिऱ्हाइकाला उघडता येईल असं. ही यादी बोर्डशेजारी मोठ्या अक्षरांत लावा.

टेस्टर एक आणि डेव्हलपर चार असले की शेवटच्या दोन दिवसांत सहा स्टोऱ्या एकदम टेस्टिंगला येतात. पहिल्या दोषावरची मर्यादा पाळली तर हे बरंचसं आपोआप थांबतं. तरीही तुंबलं तर आठव्या दिवसापासून नवीन कार्ड उघडणं बंद, सगळे टेस्टिंगला. फक्त कुणी स्वतःचा कोड स्वतः टेस्ट करायचा नाही.

किती काम घ्यायचं

स्टोऱ्या एक ते तीन दिवसांच्या झाल्या की पॉइंट सोडून द्या, सरळ संख्या मोजा. मागच्या सहा स्प्रिंटला ७, ९, ८, ५, ८, ९ पूर्ण झाल्या असतील, तर सरासरी ७.६७ काढून आठ घेऊ नका. सहापैकी पाच वेळा सात किंवा जास्त झाल्या, म्हणून सात घ्या. वेळ उरला तर बॅकलॉगमधलं वरचं कार्ड ओढा. पाच पूर्ण झालेला स्प्रिंट कोणता होता तेही बघा. गणेशोत्सवाचा किंवा वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचा आठवडा निघाला तर नवल नाही. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडची गिऱ्हाइकं असतील तर महाराष्ट्राच्या सुट्ट्याही कॅलेंडरवर घ्या. दोन्ही राज्यांच्या याद्या सारख्या नाहीत, आणि डेमो नेमका त्याच दिवशी ठरतो.

एवढं सगळं तीन स्प्रिंट पाळूनही मधे घुसणारी कामं निम्म्याहून कमी होत नसतील, तर स्प्रिंट ही पद्धतच त्या टीमच्या कामाला जुळत नाही. सपोर्ट मुख्य आणि नवं काम थोडं, अशा टीमने स्प्रिंट सोडून कानबान घ्यावं: तीच मर्यादा, तेच ठिपके, पण पंधरवड्याची पेटी नाही. एक काम संपलं की यादीतलं वरचं ओढायचं, आणि गिऱ्हाइकाला 'साधारण किती दिवसांत' ते मागच्या कामांच्या तारखांवरून सांगायचं. मागच्या वीसपैकी सतरा कामं नऊ दिवसांत झाली असतील तर 'नऊ दिवस' सांगा.

शुक्रवारी उरलेल्या स्टोऱ्या

त्या आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये सरकवू नका. साधनात तसं बटण असतं, ते दाबू नका. उरलेलं प्रत्येक कार्ड बॅकलॉगमध्ये परत टाका आणि सोमवारी नव्याने विचारा की आज ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे का. अर्धवट कामाचे अर्धे पॉइंट मोजू नका. पूर्ण किंवा शून्य. कार्ड परत टाकताना त्यावर तारीख आणि उरण्याचं कारण एका ओळीत लिहा: 'टेम्पलेट मंजूर नव्हतं', 'सपोर्ट', 'मोठी होती'. चार स्प्रिंटनंतर या ओळी मोजल्या की पुढचा कुठला दोष हातात घ्यायचा ते समजतं. एकच कार्ड तिसऱ्यांदा परत आलं तर ते त्याच रूपात चौथ्यांदा घ्यायचं नाही. ते कापून दोन करा, नाहीतर गिऱ्हाइकाला फोन करून विचारा की हे खरंच हवंय का. तो 'राहू द्या' म्हणाला तर कार्ड फाडून टाका.